दोन ठोक्यांमधले अंतर

निरोगी माणूस शांत पडून असताना त्याच्या हृदयाचे ठोके समान अंतराने पडत नाहीत. मिनिटाला साठ ठोके म्हणजे दोन ठोक्यांत सरासरी १००० मिलिसेकंद. पण ईसीजीवर मोजायला बसले की एक अंतर ९५० निघते, पुढचे १०२०, त्यापुढचे १०७०, मग पुन्हा ९८०. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. या चढउताराला हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि आता मनगटावर घड्याळ बांधून धावणाऱ्यांतही तिचे नाव एचआरव्ही असेच रूढ झाले आहे. वजन वाढले की ती घटते आणि दमसास वाढला की ती वाढते, एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. हे खोटे नाही. पण वर्षानुवर्षे अशा नोंदी घेणाऱ्या माणसाला त्यातला प्रत्येक शब्द जपून वापरावा लागतो, कारण वजन, दमसास आणि विश्रांतीतली नाडी या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या अडकलेल्या असतात की एकीचे श्रेय दुसरीला सहज जाते.

चढउतार आकड्यात बांधण्याच्या दोन रीती रोजच्या कामात येतात. नोंदीतल्या सर्व अंतरांचे प्रमाण विचलन काढले की एसडीएनएन मिळतो. लागोपाठच्या अंतरांमधील फरकांचे वर्ग करून, त्यांच्या सरासरीचे वर्गमूळ घेतले की आरएमएसएसडी. पहिल्यात हळू आणि जलद सगळेच बदल येतात. दुसऱ्यात मुख्यतः ठोक्यागणिक होणारे झटपट बदल उमटतात. पाच मिनिटांच्या नोंदीत निरोगी प्रौढांचा एसडीएनएन साधारण ५० मिलिसेकंदांच्या आणि आरएमएसएसडी ४० च्या आसपास असतो, असे प्रसिद्ध अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसते. मात्र त्या अभ्यासांतल्या आरएमएसएसडीच्या सरासऱ्याच सुमारे २० पासून ७५ पर्यंत पसरलेल्या आहेत. एका माणसाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवून निकाल देणे किती धोक्याचे आहे, हे या पसाऱ्यावरूनच कळते.

तिसरी रीत चढउतारांच्या लहरी वेगळ्या काढण्याची. ०.१५ ते ०.४० हर्ट्झ हा पट्टा, म्हणजे मिनिटाला ९ ते २४ लहरी, श्वासाशी बांधलेला असतो. ०.०४ ते ०.१५ हर्ट्झच्या संथ पट्ट्यात रक्तदाब सावरण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेचा वाटा मोठा असतो. या दोन पट्ट्यांचे गुणोत्तर काढून त्याला नाडी वाढवणाऱ्या अनुकंपी आणि ती आवरणाऱ्या परानुकंपी चेतासंस्थांचा ‘तोल’ म्हणण्याची प्रथा अजून छापील रिपोर्टांत टिकून आहे. ती सोडून द्यायला हवी. संथ पट्ट्यातही परानुकंपी बाजूच्या व्हेगस चेतेचा मोठा हात असतो, त्यामुळे ते गुणोत्तर अनुकंपी चेतासंस्थेचे माप ठरत नाही.

श्वासाबरोबर नाडी बदलते हे १८४७ साली कार्ल लुडविग यांनी आपल्या कायमोग्राफवर नोंदवले होते. त्याच यंत्राचा काजळी धरलेला ड्रम भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आत्ताआत्तापर्यंत विद्यार्थ्यांपुढे फिरत होता. पण या चढउताराचे वैद्यकीय मोल कळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. १९६० च्या दशकात हॉन आणि ली यांनी दाखवले की गर्भाशयातील बाळ संकटात असताना त्याची हृदयगती बदलण्याआधीच ठोक्यांमधली विविधता कमी होते. १९८७ मध्ये रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांच्या २४ तासांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा एसडीएनएन ५० मिलिसेकंदांखाली होता त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० च्या वर असलेल्यांच्या पाचपटींहून अधिक निघाला. त्यानंतर या विषयावर शोधनिबंधांचा पूर आला आणि प्रत्येक जण आपल्या पद्धतीने मोजू लागला. १९९६ मध्ये युरोपातील व उत्तर अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून मोजणीचे नियम ठरवले. आजही प्रयोगशाळा तेच नियम भिंतीवर लावून काम करतात.

हृदयाला ठोक्याची आज्ञा साइनस नोडकडून मिळते आणि हा नोड बाहेरच्या चेतांवाचूनही चालतो. अनुकंपी आणि परानुकंपी अशा दोन्ही बाजू औषधांनी रोखल्या, तर जी गती उरते ती मूळ गती. १९७० मध्ये होजे आणि कॉलिसन यांनी ती शेकडो माणसांत मोजून सूत्र दिले: ११८.१ वजा वयाच्या ०.५७ पट. म्हणजे विशीत सुमारे १०७ आणि पन्नाशीत सुमारे ९०. प्रत्यक्षात विश्रांतीची नाडी सत्तरीच्या आत असते, ती व्हेगस चेतेच्या सततच्या आवरण्यामुळे. व्हेगसच्या टोकांतून जे रसायन सुटते, त्याचे अस्तित्व ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवरील प्रयोगातून सिद्ध केले, ते ॲसिटिलकोलिन. त्याचा परिणाम पुढच्या एकदोन ठोक्यांत दिसतो आणि विकर त्याला लगेच मोडून टाकते. अनुकंपी चेतांच्या नॉरॲड्रिनॅलिनचा परिणाम चढायला काही सेकंद लागतात आणि उतरायला त्याहून अधिक. म्हणूनच ठोक्यागणिक होणारा बदल व्हेगसच घडवू शकते, आणि आरएमएसएसडी हे तिच्या हालचालीचे माप मानले जाते. व्हेगसचा जोर किती आहे यापेक्षा तो श्वासागणिक किती कमी-जास्त होतो, हे त्यात उमटते. पुढे दमसासाच्या प्रश्नात हा भेद महत्त्वाचा ठरतो.

नोंद घेण्याची खोली साधी असते. एक कॉट, एक ईसीजीचा ॲम्प्लिफायर, संगणक, छातीभोवती बांधायचा श्वसनपट्टा आणि पडदा. बहुतेक सब्जेक्ट एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी असतात, कारण ते हाताशी असतात. मग रुग्णालयातले कर्मचारी, पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे पळणारी मुले, मधुमेहाच्या ओपीडीतून आलेले काका-मावशी. सकाळी, चहा-कॉफी आणि तंबाखू टाळून, जेवणानंतर किमान दोन तासांनी यायला सांगितलेले असते. चहा न पिता येणे ही अट सर्वांत जास्त मोडली जाते आणि ती मोडली हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. दहा-पंधरा मिनिटे पडून राहायचे, मग पाच मिनिटांची नोंद. पंखा सुरू करावा तर तारा हलतात, बंद ठेवावा तर एप्रिलमध्ये घाम येऊन इलेक्ट्रोड सुटतात. आणि उकाडा स्वतःच नाडी वाढवतो. शांतपणे पडून राहा म्हटले की निम्मे लोक झोपेकडे झुकतात. “काका, झोपू नका हं,” हे तंत्रज्ञाचे दिवसातले सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे वाक्य असते, कारण डुलकीत व्हेगसचा जोर वाढतो आणि आकडा फुगतो.

वजनदार माणसाची नोंद घेताना काही गोष्टी केवळ हाताला कळतात. छातीवर चरबीचा थर जाड असला की ईसीजीतले उंच आर-शिखर ठेंगणे होते आणि सॉफ्टवेअर कधी शेजारच्या टी-लहरीलाच ठोका समजते. उताणे पडल्यावर पोटाचा भार मध्यपटलावर येतो. श्वास उथळ आणि जलद होतो. मिनिटाला बारा श्वास घेणाऱ्याच्या आणि बावीस घेणाऱ्याच्या नोंदीत हृदय तेच असले तरी चढउतार सारखे येणार नाहीत, कारण श्वास जितका संथ आणि खोल, तितका ठोक्यांमधला फरक मोठा. श्वसनपट्ट्याशिवाय घेतलेल्या नोंदीवरून ‘लठ्ठपणामुळे व्हेगस मंदावली’ असे लिहिणारा अभ्यास कदाचित फक्त एवढेच सांगत असतो की लठ्ठ माणसे पडल्यावर जलद श्वास घेतात.

त्याहून मोठा घोळ एका चुकार ठोक्याने होतो. वेळेआधी पडलेला एखादा ठोका निरोगी माणसातही असतो. समजा एका नोंदीत तीनशे ठोके आहेत आणि खरा आरएमएसएसडी ३० आहे. एकच ठोका ८०० ऐवजी ५०० मिलिसेकंदांवर पडला आणि त्यानंतर ११०० ची भरपाई झाली, तर त्या एका घटनेने आकडा ५२ वर जातो. तीनशेत एक. एवढ्याने वजनदार माणूस धावपटूच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून प्रत्येक नोंद पडद्यावर सरकवत डोळ्यांनी तपासावी लागते. सॉफ्टवेअरचे ‘आपोआप दुरुस्ती’चे बटण त्याला पर्याय नाही.

दमसासाकडे वळायचे तर पहिली गोष्ट दिसते ती नाडी. विश्रांतीत हृदयाला मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पाठवायचे असते. बैठ्या माणसाचे हृदय एका ठोक्यात सत्तर मिलिलिटर ढकलते आणि त्याला सत्तरच्या आसपास ठोके लागतात. नियमित धावणाऱ्याचे शंभर मिलिलिटर ढकलते आणि पन्नासांत भागते. हा बदल घडायला रक्ताचे आकारमान वाढावे लागते, हृदयाचा डावा कप्पा मोठा व्हावा लागतो, धमन्या लवचिक राहाव्या लागतात. पैकी रक्तद्रवाची वाढ तर व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांतच सुरू होते. मानेतील धमनीच्या भिंतीत रक्तदाब ओळखणारे संवेदक असतात; भिंत लवचिक असली की रक्तदाबातील लहानशा बदलाने ते अधिक ताणले जातात आणि व्हेगसला अधिक स्पष्ट संदेश पोहोचतो. दमसास असलेल्या माणसाच्या ठोक्यांतील मोठ्या चढउतारांचे एक कारण इथे आहे. गटागटांची तुलना केली की एरोबिक व्यायाम करणाऱ्यांचा आरएमएसएसडी बैठ्या लोकांपेक्षा वर येतो, आणि काही महिन्यांच्या नियमित व्यायामानंतर बऱ्याच बैठ्या लोकांतही तो वाढताना दिसतो.

पण सगळे श्रेय व्हेगसचे नाही. १९८२ मध्ये कटोना आणि सहकाऱ्यांनी वल्हवणाऱ्या खेळाडूंना दोन्ही चेता रोखणारी औषधे देऊन पाहिले. त्यांची मूळ गतीच इतरांपेक्षा कमी निघाली. २०१४ मध्ये मँचेस्टरमधील गटाने उंदरांना व्यायाम देऊन दाखवले की साइनस नोडच्या पेशींत ठोका घडवणारा एक विद्युतप्रवाहच व्यायामाने घटतो. म्हणजे खेळाडूची संथ नाडी काही अंशी नोडच्या स्वतःच्या बदलामुळे असते. हे पटवून घ्यायला अनेकांना जड जाते, कारण ‘संथ नाडी म्हणजे बलवान व्हेगस’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत फार वर्षे राहिले आहे.

आणि इथे गणित मध्ये येते. नाडी संथ झाली की, व्हेगसने काहीही वेगळे केले नाही तरी, मिलिसेकंदांतला चढउतार आपोआप वाढतो. ज्याची नाडी ५० आहे त्याची गती श्वासागणिक ४८ ते ५२ अशी हलली, तर दोन ठोक्यांतले अंतर १२५० पासून ११५४ पर्यंत बदलते. फरक ९६ मिलिसेकंदांचा. ज्याची नाडी ९० आहे त्याची गती तितकीच, ८८ ते ९२, हलली तर अंतर ६८२ पासून ६५२ पर्यंत; फरक फक्त ३०. दोघांची नाडी सारखीच हलली, पण रिपोर्टमध्ये एक जण तिपटीने ‘सुदृढ’ ठरला. वजनदार, बैठ्या माणसाची विश्रांतीची नाडी बहुधा जास्त असते. म्हणून सरासरी नाडी न लिहिता फक्त आरएमएसएसडी लिहिलेला रिपोर्ट अर्धवट मानावा. काही प्रयोगशाळा आकडा सरासरी अंतराने भागून देतात. ती दुरुस्ती परिपूर्ण नाही, पण फसगत बरीच कमी करते.

उलट टोकालाही एक अडचण आहे. अतिशय दमसास असलेल्या काही खेळाडूंत नाडी चाळिशीत असते आणि आरएमएसएसडी अपेक्षेपेक्षा खाली. व्हेगसचा जोर इतका सततचा झालेला असतो की श्वास आत घेतानाही तो पुरेसा सैल होत नाही. नोड पूर्ण दाबाखाली राहतो आणि ठोक्यांतला फरक मिटतो. रक्तदाब वाढवणारे औषध देऊन व्हेगसचा जोर पायरीपायरीने वाढवला, तर परिवर्तनशीलता आधी वाढते आणि एका मर्यादेनंतर सपाट होते किंवा घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. अशा खेळाडूची नोंद उभे राहून घेतली की चित्र उलगडते: उभे राहताच व्हेगस थोडी सैल होते आणि चढउतार परत दिसू लागतात. प्रशिक्षक घाबरून सराव थांबवण्याआधी ही साधी तपासणी करणे शहाणपणाचे.

वजनाचा धागा अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण काट्यावर चढलेल्या किलोंपेक्षा ते किलो कुठे साठले याला जास्त महत्त्व आहे. मांड्या-नितंबांवरची चरबी आणि आतड्यांभोवतीची चरबी यांचे हृदयाशी नाते सारखे नाही. पोटातल्या चरबीबरोबर इन्सुलिनची पातळी चढते. इन्सुलिन आणि चरबीतून येणारे लेप्टिन ही दोन्ही मेंदूमार्गे अनुकंपी चेतांना चेतवतात. स्नायूंकडे जाणाऱ्या अनुकंपी चेतांमधील संदेश सुईने प्रत्यक्ष मोजले असता पोटाचा घेर असलेल्या माणसांत ते अधिक आढळतात. धमन्या ताठर होतात, रक्तदाबाच्या संवेदकांची धार जाते. त्यात घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे आले की रात्रीची जी वेळ व्हेगसची असते, तीही अनुकंपी झटक्यांनी भरून जाते. सकाळच्या पाच मिनिटांच्या नोंदीत यातले काहीही स्वतंत्रपणे दिसत नाही. दिसतो तो फक्त खाली आलेला एक आकडा. म्हणून रात्री झोप कशी लागते, घोरता का, दुपारी पेंग येते का, हे प्रश्न ईसीजीइतकेच मोलाचे.

वजन वाढवून पाहण्याचा प्रयोगही झाला आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ज्यूल्स हर्श आणि सहकाऱ्यांनी माणसांचे नेहमीचे वजन दहा टक्क्यांनी वाढवले आणि १९९१ मध्ये निष्कर्ष मांडला की त्याने हृदयावरचे परानुकंपी नियंत्रण घटते; वजन उतरवल्यावर उलट दिशेने बदल होतो. लठ्ठ व्यक्तींनी वजन घटवल्यावर परिवर्तनशीलता सुधारते, हे पुढच्या अनेक अभ्यासांतही दिसले. मात्र खाणे एकदम तोडल्यावर पहिल्या आठवड्यांत दिसणारी सुधारणा सावधपणे घ्यावी लागते. उपाशी शरीर खर्च कमी करते आणि नाडी आपसूक संथ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले आणि विश्रांतीची नाडी ५५ वरून ३५ च्या आसपास आली. ती नाडी कुणी तंदुरुस्तीची खूण मानणार नाही. अतिकृश व्यक्तींच्या नोंदीत व्हेगसचा जोर वाढलेला दिसतो तो याच कारणाने. बारीक होण्यासाठी दिवसाला एकदाच जेवणारी कॉलेजची मुलगी उत्तम आरएमएसएसडी घेऊन उठते, तेव्हा तिचे अभिनंदन करण्याआधी तिला जेवणाबद्दल विचारायला हवे.

महाराष्ट्रात वजनाचा प्रश्न आणखी वेगळा आहे, आणि तो जगापुढे स्पष्टपणे मांडला गेला तोही पुण्यातून. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के. काटा दोघांना एकच म्हणतो, शरीरे दोन निराळी. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांवरच्या अभ्यासातून याज्ञिकांच्या गटाने हेही दाखवले की इथली बाळे सरासरी २.७ किलोची, ब्रिटिश बाळांपेक्षा बरीच लहान, पण त्यांची चरबी त्या प्रमाणात कमी झालेली नसते; कमी होतो तो स्नायू. त्यामुळे भारतीयांसाठी बीएमआयची जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर, आणि कमरेची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरली जाते. युरोपीय गटांवरचे वजन आणि एचआरव्ही यांचे नाते जसेच्या तसे इथे लावले, तर बारीक दिसणारा, हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे असलेला कारकून ‘सामान्य वजन’ या रकान्यात जातो आणि त्याचा खालावलेला आकडा गूढ वाटतो. कमरेला टेप लावली की गूढ संपते. उलट कोल्हापूरच्या तालमीतला पहिलवान बीएमआयच्या हिशेबात लठ्ठ ठरतो, कारण बीएमआयला स्नायू आणि चरबी वेगळी कळत नाही. खोलीत एकच साधन ठेवायची मुभा असती, तर वजनकाट्याऐवजी टेप ठेवणेच योग्य झाले असते.

दमसासाच्या मोजमापातही वजन लपून बसलेले असते. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे दमसासाचे प्रमाण माप. आणि ते बहुधा वजनाच्या दर किलोमागे सांगितले जाते. दोन माणसांची क्षमता तीन-तीन लिटर असेल, एकाचे वजन साठ किलो आणि दुसऱ्याचे नव्वद, तर पहिल्याचा आकडा ५० येतो आणि दुसऱ्याचा ३३. दुसऱ्याचे हृदय कमी काम करत नाही. त्याला फक्त मोठ्या संख्येने भागले गेले आहे. मग संशोधक गणित मांडतो: दमसास कमी, वजन जास्त, एचआरव्ही कमी, तिन्हींचा परस्परसंबंध. यातला एक संबंध भागाकाराने घडवलेला आहे. चरबी वगळून उरलेल्या वजनाने भागले, किंवा सायकलवर क्षमता मोजली, तर चित्र बदलते. पायरी-चाचणीत तर भारी माणसाला प्रत्येक पायरीवर आपलेच जास्तीचे किलो उचलावे लागतात. केनेथ कूपर यांची १९६८ ची बारा मिनिटांची धाव सैनिकांसाठी होती. पन्नाशीच्या, गुडघे दुखणाऱ्या मावशींना तीच लावून ‘दमसास नाही’ असे लिहिणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी सहा मिनिटांची चाल पुरे.

हे सगळे घोळ वजा केल्यावर जे उरते ते असे. जास्त चरबी, विशेषतः पोटातली, आणि कमी दमसास दोन्ही व्हेगसची हालचाल मंद करतात, आणि दोन्हींचा परिणाम काही अंशी स्वतंत्र असतो. दोन्ही एकत्र असली तर आकडा सर्वांत खाली असण्याची शक्यता जास्त. भारी पण नियमित चालणारा-पोहणारा माणूस बारीक पण बैठ्या माणसापेक्षा अनेकदा बरा दिसतो. व्यायाम सुरू केलेल्यांच्या बाबतीत क्रमही लक्षात राहण्याजोगा आहे: आधी व्यायामानंतर नाडी लवकर उतरू लागते, मग विश्रांतीची नाडी दोन-चार ठोक्यांनी खाली येते, मग आरएमएसएसडी सरकतो, काटा पुष्कळदा तेव्हाही जागचा हललेला नसतो. व्यायाम थांबताच पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते हे तर यंत्राशिवायही मोजता येते. १९९९ मध्ये क्लीव्हलँडच्या संशोधकांनी दाखवले की हा उतार १२ ठोके किंवा त्याहून कमी असणाऱ्यांत पुढील वर्षांतला मृत्यूचा धोका अधिक असतो. तो पहिला उतार मुख्यतः व्हेगस परत रुजू झाल्यामुळे असतो. वजन उतरले नाही म्हणून तिसऱ्या महिन्यात चालणे सोडणाऱ्या माणसाला ही एक मिनिटाची मोजणी दाखवावी, त्याला आपल्या कष्टाचे फळ डोळ्यांनी दिसते.

श्वासाचा विषय इथे टाळता येत नाही, कारण नोंद घ्यायला आलेले अनेक जण प्राणायाम करणारे असतात. मिनिटाला सहा श्वास या गतीने श्वास घेतला की रक्तदाबाची संथ लहर आणि श्वासाची लहर एकमेकींवर बसतात आणि चढउतार कमालीचे मोठे होतात. एडिंबरोच्या युइंग आणि क्लार्क यांनी मधुमेहींच्या चेतातपासणीत हाच श्वास वापरला: निरोगी माणसात श्वास घेताना आणि सोडताना नाडीत १५ किंवा जास्त ठोक्यांचा फरक पडतो, १० किंवा कमी असेल तर चेतांना इजा झाल्याचे समजावे. २००१ मध्ये बर्नार्डी यांच्या गटाने दाखवले की जपमाळेची प्रार्थना आणि योगमंत्र दोन्ही म्हणताना श्वास याच गतीला येतो. योगक्रिया यंत्रांनी तपासण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना करून याच कामाला वाहून घेतले होते. प्राणायामाचा हा परिणाम खरा आहे, पण पाच मिनिटांच्या साध्या नोंदीत तो शिरला की दमसास आणि वजन यांचा परिणाम झाकला जातो. म्हणून नोंदीआधी सांगावे लागते: आज नेहमीसारखाच श्वास घ्या.

मनगटी घड्याळांनी आता ही मोजणी घरोघर नेली आहे. ती यासाठी बहुधा ईसीजी घेत नाहीत. हिरव्या प्रकाशाने त्वचेतील रक्ताची लाट मोजतात. शांत झोपेत तिचा मेळ ईसीजीशी चांगला बसतो, हात हलला की बिघडतो. एका रात्रीचा आकडा आदल्या दिवशीचे उशिरा जेवण, मद्य, ताप, अपुरी झोप, स्त्रियांत मासिक चक्र अशा कशानेही हलतो. सात दिवसांची सरासरी घेऊन ती स्वतःच्याच मागच्या महिन्याशी ताडली, तर उपयोग. वयानुसार हा आकडा घटतच जातो, त्यामुळे बावीस वर्षांच्या मुलाने आणि त्याच्या वडिलांनी आपापली घड्याळे शेजारी धरून स्पर्धा लावण्यात अर्थ नाही.

काही नोंदींना वजन किंवा दमसासाची भाषा लागूच पडत नाही. बीटाब्लॉकर घेणाऱ्याचा आकडा औषधाने वर गेलेला असतो. जुन्या मधुमेहात व्हेगसचे तंतूच झिजलेले असू शकतात. अशा माणसाने दहा किलो उतरवले तरी ठोके सपाट राहतात, आणि त्याला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखता येऊ शकतो, म्हणून त्याची नोंद मधुमेहतज्ज्ञांकडे परत पाठवायची असते. आणि एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाचा आरएमएसएसडी शंभराच्याही पुढे जातो, कारण तिथे साइनस नोडचे राज्यच संपलेले असते आणि ठोके कुठल्याही क्रमाशिवाय पडतात. घड्याळावर अचानक फार ‘चांगला’ आकडा पाहून आनंदाने आलेला साठीचा गृहस्थ कॉटवर पडला, पडद्यावर साइनस नोडची खूण असलेल्या पी-लहरी दिसल्या नाहीत, तर पुढची मोजणी थांबवून त्याच दिवशी त्याला हृदयरोग ओपीडीत पाठवतात.